निविदेनंतरचे दिवस

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार

आजपासून बंगळुरूत पाच महापालिका. मध्य, पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण. त्यांच्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण. २००७ मध्ये आसपासच्या सात नगरपालिका, एक छोटी नगरपरिषद आणि ११० गावं जोडून बृहत् बंगळुरू महानगर पालिका उभी केली होती. अठरा वर्षांत तो कारभार आवरेना, म्हणून ही वाटणी.

जावई म्हणाले, "आई, आता निदान कामं जवळून होतील." होवोत. मला काळजी वाटते ती वेगळीच. शेवटची पालिका निवडणूक झाली ऑगस्ट २०१५ मध्ये. नगरसेवकांची मुदत १० सप्टेंबर २०२० ला संपली. तेव्हापासून प्रशासक. म्हणजे पाच वर्षं या शहरात एकही नगरसेवक नाही, स्थायी समिती नाही, लेखापरीक्षणाच्या आक्षेपांवर सभागृहात चर्चा नाही. २०२५-२६ चा अर्थसंकल्प १९,९०० कोटींच्या पुढे गेला आणि तो अधिकाऱ्यांनीच मांडला, अधिकाऱ्यांनीच मंजूर केला. शहरातले २८ आमदार आहेत, पण आमदाराचं सभागृह विधानसौधात. गल्लीतल्या कामाचं बिल तपासणं हे त्याचं काम नव्हे.

माझी सगळी नोकरी स्थानिक लेखापरीक्षणात गेली. उत्तर कर्नाटकातल्या नगरपालिकांची बिलं तपासत फिरले. आता लेकीकडे राहते. आमच्या गल्लीत गटाराचं काम निघणार असं कळलंय. त्याची नोंद इथे ठेवीन.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी झाली. रात्रभर पाऊस. सकाळी उघडीप पडली तशी जेसीबी आली आणि गल्लीच्या तोंडापासून खणायला सुरुवात केली. जुन्या गटारातला गाळ काढायचा, दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घालायच्या, वर फरशा टाकून फूटपाथ करायचा.

कामाचा फलक कुठे दिसला नाही. मुकादमाला कानडीत विचारलं. बिदरकडचा मुलगा, नीट बोलला. त्याला ठेकेदाराचं नाव माहीत, बाकी काही नाही. पण प्रत्येक कामाला जॉब नंबर असतोच. वॉर्डाचा क्रमांक, वर्ष आणि अनुक्रमांक मिळून तो बनतो. तो एक नंबर हाती लागला की कामाची सगळी कुंडली काढता येते: अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश, बिल.

उद्या माहितीच्या अधिकारात अर्ज टाकते. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर हवा आणि दीडशे शब्दांत बसायला हवा, फी दहा रुपये. मी मागणार आहे ते एवढंच: अंदाजपत्रकाची प्रत, कार्यादेशाची प्रत आणि मोजमाप पुस्तक प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी. कायद्याच्या कलम २(जे)मध्ये कागद पाहण्याबरोबर काम पाहण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे. वीस वर्षं झाली कायद्याला, हा हक्क वापरणारे फार थोडे भेटतात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळी गच्चीवर शेजारच्या तरुण मंडळींनी घेरलं. "काकू, टेंडर ऑनलाइन असतं ना? मग घोटाळा होतोच कसा?" चांगला प्रश्न. त्यांना जे सांगितलं ते इथे उतरवून ठेवते.

कर्नाटकाने सार्वजनिक खरेदीत पारदर्शकतेचा कायदा १९९९ मध्ये केला. देशात असा कायदा करणारी राज्यं तेव्हा मोजकीच होती. मूळ नियमांत दोन कोटींपर्यंतच्या कामाला निविदा भरायला किमान ३० दिवस आणि त्यापुढच्या कामाला ६० दिवस दिले होते, म्हणजे चार लोकांना वाचायला, जागा पाहायला, दर काढायला अवधी मिळावा. दोन लिफाफे असतात. पहिल्यात अनुभव, उलाढाल, यंत्रसामग्री, दुसऱ्यात दर. पहिल्यात पास झालेल्यांचाच दुसरा उघडतात आणि सर्वांत कमी दरवाल्याला काम मिळतं. हे सगळं आता पोर्टलवर चालतं. कोणी निविदापेटीपाशी उभा राहून दुसऱ्याला अडवू शकत नाही. हा फायदा मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

पण वाटा आहेत. पहिली वाट कायद्यातच आहे: कलम ४(जी). सरकार एखाद्या खरेदीला अधिसूचना काढून निविदेतून सूट देऊ शकतं. आपत्तीसाठी हे कलम हवंच. वर्षानुवर्षं मात्र याच कलमाखाली गटारं-फूटपाथाची साधी कामं कर्नाटक ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निगमाकडे, म्हणजे एके काळच्या लँड आर्मीकडे जात राहिली. ग्रामीण निगम, काम महानगरात. निगम ती पुढे पोटठेकेदारांना देतं आणि मधली स्पर्धा नाहीशी होते.

दुसरी वाट तुकडे पाडण्याची: एकाच रस्त्याची पाच अंदाजपत्रकं करायची, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीची गरज उरत नाही. तिसरी नेमकी उलट: पन्नास छोटी कामं बांधून एक मोठं पॅकेज करायचं, म्हणजे अनुभवाच्या अटीत दोघे-तिघेच बसतात. अटी कोण लिहितो यावरच निविदेचा निकाल अर्धा ठरलेला असतो.

मुलं गप्प बसून ऐकत होती. एकजण म्हणाला, "म्हणजे निविदा चांगली झाली की प्रश्न मिटला." नाही रे बाबा. तिथून खरा प्रश्न सुरू होतो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कोरमंगलात एका आजारी मैत्रिणीला भेटायला गेले. येताना रिक्षा ईजीपुरा उड्डाणपुलाच्या खालून आली. अडीच किलोमीटरचा पूल. २०१७ मध्ये काम सुरू, २०१९ मध्ये पूर्ण व्हायचं होतं. रेंगाळत रेंगाळत २०२२ मध्ये पालिकेने कंत्राटच रद्द केलं. उरलेल्या कामाला फेरनिविदा पुन्हा पुन्हा काढाव्या लागल्या. २०२३ च्या अखेरीस नवा ठेकेदार आला. आजही पूल पुरा नाही. खालच्या रस्त्यावर एक अख्खी पिढी शाळेतून कॉलेजात गेली.

या पुलाच्या निविदेत चोरी झाली असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं देखरेखीबद्दल आहे. ठेकेदार मागे पडतोय हे पहिल्या सहा महिन्यांत कागदावर दिसतं. प्रत्येक करारात टप्पे असतात, टप्पा चुकला तर दंड असतो, बँक हमी असते. दंड वेळेवर लावला तर ठेकेदार जागा होतो. मुदतवाढीमागून मुदतवाढ दिली तर पूल असा उभा राहतो. मुदतवाढीचा निर्णय कोण घेतं, कोणत्या कारणासाठी, हे जर दर तीन महिन्यांनी कोरमंगलाच्या लोकांपुढे वाचून दाखवावं लागलं असतं, तर पाच वर्षं गेली नसती.

२८ सप्टेंबर, रविवार

नवरात्रासाठी बेळगावहून वहिनी आणि भाचा आले. भाचा लहानसहान ठेके घेतो. जेवताना हिंडलग्याचा विषय निघाला. आमच्या बेळगावच्या घरापासून हिंडलगा म्हणजे हाकेच्या अंतरावर.

संतोष पाटील हे तिथले ठेकेदार. २०२१ मध्ये गावात लक्ष्मीदेवीची यात्रा होती. त्याआधी रस्ते-गटारांची सुमारे चार कोटींची कामं त्यांनी केली, असं त्यांचं म्हणणं. कार्यादेश हातात नव्हता. बिल निघेना. बिलासाठी ४० टक्के कमिशन मागितलं जातं असा आरोप त्यांनी थेट ग्रामविकास मंत्री के. एस. ईश्वरप्पा यांच्यावर केला. १२ एप्रिल २०२२ रोजी उडुपीच्या एका लॉजमध्ये ते मृतावस्थेत सापडले. मंत्र्यांनी राजीनामा दिला. जुलैमध्ये पोलिसांनी पुराव्याअभावी त्यांना दोषमुक्त ठरवणारा अहवाल न्यायालयात दिला.

भाच्याने हात धुतले आणि शांतपणे म्हणाला, "आत्या, तोंडी सांगण्यावर काम करायचं नाही, हे सगळ्यांना कळतं. पण पुढारी म्हणतो, यात्रा तोंडावर आली, तू सुरू कर, कागद मागून देतो. नाही म्हटलं तर पुढचं काम मिळत नाही." यावर मी काय बोलणार? कार्यादेशाशिवाय झालेलं काम लेखापरीक्षकाला मंजूर करता येत नाही, आणि ते काम करणारा माणूस कर्ज काढून बसलेला असतो.

राज्य ठेकेदार संघटनेचे अध्यक्ष डी. केंपण्णा यांनी जुलै २०२१ मध्येच पंतप्रधानांना पत्र लिहून ४० टक्क्यांची तक्रार केली होती. २०२३ च्या निवडणुकीत तो प्रचाराचा मुद्दा झाला. सरकार बदललं, न्या. एच. एन. नागमोहन दास यांचा चौकशी आयोग नेमला गेला, मार्च २०२५ मध्ये अहवाल आला. पण ऑगस्ट २०२३ मध्येच बंगळुरूतले ठेकेदार नव्या सरकारविरुद्धही थकलेल्या बिलांसाठी राज्यपालांकडे गेले होते. पक्ष बदलला, बिलांची रांग तीच राहिली.

या रांगेत सगळं आहे. काम झालं की बिल दोन दोन, तीन तीन वर्षं पडून राहतं. तिजोरीत असेल त्याहून कितीतरी जास्त कामांना मंजुरी दिली की हे होणारच. मग रांगेत पुढे कोण आणि मागे कोण हे ठरवणारा माणूस राजा होतो. रांगेतली जागाच विकाऊ होते. आणि ज्याला तीन वर्षं पैसे अडकवणं परवडतं तोच ठेकेदार टिकतो. व्याज आणि टक्केवारी तो सिमेंटमधून काढतो. मी तपासलेल्या नगरपालिकांत वेळेवर पैसे देणाऱ्या गावाची कामं बरी असायची. तिथले अधिकारी काही संत नव्हते, पण त्यांच्याकडे विकायला रांगच नव्हती.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याची सुट्टी संपली. गल्लीतलं गटार निम्मं झालं. फरशा अजून यायच्या आहेत.

आज हडसन सर्कलजवळून गेले. पालिकेच्या जुन्या मुख्यालयाच्या आवारात गुणनियंत्रणाची प्रयोगशाळा होती. रस्त्याचं डांबर, खडी, काँक्रीटचे ठोकळे तिथे तपासले जात. ११ ऑगस्ट २०२३ ला तिला आग लागली. नऊ कर्मचारी भाजले. मुख्य अभियंता सी. एम. शिवकुमार यांचा उपचार चालू असताना महिनाअखेरीस मृत्यू झाला. ज्यांचं काम दुसऱ्यांच्या कामाचा कस पाहणं, त्यांच्या स्वतःच्या सुरक्षिततेवर नजर ठेवायला कोणी नव्हतं, ही गोष्ट फार लागते. देखरेख करणारी खाती सगळीकडे अशीच असतात: माणसं कमी, जागा अपुरी, पगारवाढीत शेवटी.

२०११ मध्ये याच पालिकेत मल्लेश्वरम, गांधीनगर आणि राजराजेश्वरीनगर या तीन मतदारसंघांत दीड हजार कोटींहून अधिक रकमेच्या बोगस बिलांचा आरोप पुढे आला होता. न झालेली कामं, दोनदा दाखवलेली कामं. तपास सीआयडीकडे गेला. मुंबईत २०१६ मध्ये ३४ रस्त्यांच्या चौकशीनंतर महापालिकेच्या रस्ते विभागाचे आणि दक्षता विभागाचे प्रमुख अभियंते अटकेत गेले, आणि त्यांच्याबरोबर त्रयस्थ लेखापरीक्षण करणाऱ्या कंपन्यांची माणसंही. त्रयस्थालाही पैसे पालिकेकडून आणि नोंदी ठेकेदाराकडून मिळत असतील तर तो त्रयस्थ राहत नाही. गल्लीत राहणाऱ्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही, म्हणून त्याची नजर मोलाची.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

माझ्या अर्जाला मुदतीत उत्तर आलं आणि आज मोजमाप पुस्तक पाहून आले. सहायक अभियंता तिशीच्या आतला. खुर्ची दिली, चहा मागवला. एवढ्या वॉर्डांची कामं एकट्याकडे की सगळ्या ठिकाणी स्वतः टेप धरणं त्याला शक्य नाही, हे त्यानेच सांगितलं.

मोजमाप पुस्तक म्हणजे या सगळ्या व्यवहाराचा आत्मा. लांबी, रुंदी, खोली, संख्या. सहायक अभियंता मोजून लिहितो, वरचा अधिकारी त्यातली काही मोजमापं पुन्हा तपासतो, त्यावरून बिल बनतं. पुस्तकातल्या एका ओळीवर लाखो रुपये उभे असतात.

नोंदी मी माझ्या वहीतल्या मोजमापांशी ताडून पाहिल्या. शेजारच्या निवृत्त सर्व्हेअर काकांनी टेप धरला होता, मी लिहून घेतलं होतं. भिंतीची लांबी जुळली. जाडी जुळली. खोदाईची खोली आणि गाळाच्या खेपा मात्र ताडायला माझ्याकडे काहीच नव्हतं. खोदलेलं बुजलं, गाळ गेला. आता ती नोंद खरी की खोटी हे कोणीही सांगू शकणार नाही. मी नाही, उद्याचा लेखापरीक्षक नाही, न्यायाधीश नाही.

गाळ हा म्हणूनच सगळ्या महापालिकांचा अवघड कप्पा. याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठी नदीच्या गाळउपशात सुमारे ६५ कोटींच्या गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदवला. गाळ टाकायच्या जागांचे करारनामेच बनावट असल्याचा त्यात आरोप आहे. जे काम संपताच नाहीसं होतं, त्याची तपासणी ते चालू असतानाच व्हायला हवी. गाळ काढण्याआधीचा आणि नंतरचा फोटो, ट्रकचं वजन, आणि त्या दिवशी तिथे हजर असलेल्या दोन रहिवाशांच्या सह्या. यात अवघड असं काही नाही.

अभियंत्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, लोक उभे राहिले तर मलाही बरं. ठेकेदाराला सांगता येतं की लोक बघताहेत."

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळी झाली. लेकीबरोबर सेंट मार्क्स रोडवर चालत गेले. हा टेंडरशुअर पद्धतीने केलेल्या पहिल्या रस्त्यांपैकी एक. जन अर्बन स्पेस या संस्थेने त्याचं आरेखन केलं. पाणी, सांडपाणी, वीज, केबल यांच्या वाहिन्या आधी फूटपाथखाली नीट घालायच्या आणि मग रस्ता, म्हणजे डांबर सुकायच्या आत कोणी खणायला येत नाही. दहा वर्षांनंतरही फूटपाथवर सरळ चालता येतं. खर्च जास्त आला म्हणून टीका झाली, पण निविदेत काय हवंय ते नेमकं लिहिलं तर काय मिळतं, याचा हा पुरावा पायाखाली आहे.

उलट उदाहरणही याच शहरातलं. हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या हजारो कोटींच्या भुयारी रस्त्याचा प्रकल्प अहवाल गेल्या डिसेंबरात बाहेर आला, तेव्हा बंगळुरूच्या वाहतुकीच्या विवेचनात मालेगाव आणि नाशिकचा उल्लेख सापडला. दुसऱ्या अहवालातला मजकूर तसाच उचललेला. त्या अहवालासाठी साडेनऊ कोटींच्या आसपास खर्च झाला होता. पालिकेच्या टेबलावर तो कोणी वाचला नाही. तो वाचला नागरिकांनी आणि पत्रकारांनी. अंदाज चुकीचा तर निविदा चुकीची, निविदा चुकीची तर पुढचं सगळंच.

या शहराला नागरिकांनी हिशेब विचारण्याची जुनी सवय आहे. सॅम्युअल पॉल यांच्या पब्लिक अफेअर्स सेंटरने १९९४ मध्ये सरकारी सेवांचं प्रगतिपुस्तक काढलं. २००२ मध्ये 'प्रूफ' मोहिमेने पालिकेकडे दर तिमाहीला जमाखर्च मागितला आणि पालिकेने तो दिलाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये लोकांनी मानवी साखळी धरून सुमारे १,८०० कोटींचा पोलादी उड्डाणपूल थांबवला. बाहेर पाहिलं तर युक्रेनने २०१६ पासून सगळी सरकारी खरेदी 'प्रोझोरो' या खुल्या प्रणालीवर आणली. तिथे हरलेल्यांच्या निविदाही कोणालाही वाचता येतात. आपल्याकडे त्याहून आधी, १९९४ मध्ये राजस्थानात कोट किराणा गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने हजेरीपट भर सभेत वाचून दाखवले, आणि मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी काढल्याचं गावाने स्वतःच्या कानांनी ऐकलं. माहितीचा अधिकार त्या सभांतून जन्मला. बंगळुरूला एवढंच करायचं आहे: मोजमाप पुस्तक गल्लीत वाचायचं.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गल्लीची बैठक झाली. कानडी, तमिळ, तेलुगू, मारवाडी, आम्ही मराठी. गटाराचं काम संपलं आहे. फरशा बसल्या. पहिल्या पावसात पाणी तुंबलं नाही.

बैठकीत ठरलं ते लिहून ठेवते. एक, पुढचं कुठलंही काम निघालं की पहिल्याच दिवशी जॉब नंबर आणि कार्यादेश मागायचा. दोन, झाकलं जाणारं प्रत्येक मोजमाप झाकण्याआधी आपण घ्यायचं आणि अभियंत्याला त्याच दिवशी लेखी कळवायचं. तीन, दोषदायित्वाचा काळ, म्हणजे बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, ती तारीख इमारतीच्या सूचनाफलकावर लिहायची. चार, पाचही महापालिकांच्या निवडणुका लवकर घ्या आणि वॉर्ड समितीच्या शेऱ्याशिवाय गल्लीतल्या कामाचं बिल मंजूर करू नका, असं निवेदन सगळ्यांच्या सह्यांनी पाठवायचं. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्या दिल्या, ग्रेटर बंगळुरूच्या नव्या कायद्यातही त्या आहेत. त्यांना चर्चेपलीकडचा अधिकार मिळाला तरच त्यांचा उपयोग.

निविदा कशी निघते याकडे आपलं सगळं लक्ष असतं. वर्तमानपत्रं तिथे असतात, न्यायालयं तिथे असतात, विरोधी पक्षही तिथेच असतो. काम चालू असताना तिथे कोणी नसतं, आणि पैसा त्या वेळी जातो. चौकशी आयोग पाच वर्षांनी येऊन बुजलेलं खणू शकत नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला, मग तो बंगळुरूचा असो, पुण्याचा, नाशिकचा की बेळगावचा, माझी एकच विनंती आहे. तुमच्या गल्लीत उद्या जेसीबी आली तर घराबाहेर या, जॉब नंबर विचारा आणि खड्डा बुजण्याआधी त्याची खोली मोजून तारखेसह लिहून ठेवा.